पडक्या रंगमंदिरांचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपल्या घरांत लहान मुलांच्याही कानांवरून गेलेला असतो. गांवचें देऊळ खचलें, शिखराला तडा गेला, गाभाऱ्यांत पाणी झिरपूं लागलें, म्हणजे चार वडीलधारी मंडळी एकत्र बसतात, वर्गणी जमते, पाथरवट येतात आणि दोनचार वर्षांत देऊळ पुन्हां उभें राहतें. अग्निपुराणांत ह्या कर्माचा विधि सांगितला आहे. अहिल्याबाई होळकरांनीं काशीपासून सोमनाथापर्यंत जीं देवळें उभारलीं, त्यांत जुना दगड किती आणि नवा किती, ह्याचा हिशेब ठेवण्याचें कोणास कारण वाटलें नाहीं. आंत देव आहे, त्रिकाळ पूजा चालली आहे, तोंवर देऊळ जिवंत. मग त्याचा दगड बदलला काय आणि रंग बदलला काय!

परंतु ज्या वास्तूंतून तिचें दैवतच निघून गेलें आहे, तिचें काय करावें? बांधणाऱ्यांचें राज्य बुडालें, त्यांची भाषा बोलण्यांतून गेली, त्यांचे उत्सव विसरले गेले, आणि शेवटीं उरलें तें गवत माजलेलें दगडांचें एक कडें. अशा ठिकाणीं उद्धार करावयाचा तो नक्की कशाचा? युरोपांत हा प्रश्न रोमन नाट्यगृहांच्या संबंधांत फार तीव्रतेनें उपस्थित झाला. एक पक्ष म्हणतो कीं पडकें आहे तें पडकेंच राहूं द्यावें. काळाची सही त्यावर उमटलेली आहे, ती पुसण्याचा आपणांस अधिकार नाहीं. दुसरा म्हणतो कीं नाट्यगृह बांधलें तें नाटकासाठीं. तेथें पुन्हां दिवे लागले, माणसें बसलीं, तरच तें राहील, नाहींतर शेळ्या चरतील आणि दगड चोरीस जातील. १९६४ सालीं व्हेनिस येथें जमलेल्या ह्या विद्येंतील जाणत्यांनीं एक सनद तयार केली. तींत दोन्ही पक्षांस थोडथोडें दिलेलें आहे. प्राचीन वास्तु समाजाच्या उपयोगांत राहणें तिच्या रक्षणास हितावह आहे, असेंही ती सांगते. आणि जेथें निव्वळ तर्क सुरू होतो तेथें दुरुस्ती करणाऱ्याचा हात थांबला पाहिजे, असेंही बजावते. ह्या दोन वाक्यांच्या मध्यें जी चिंचोळी वाट उरते, तिच्यावरूनच पुढील सारीं प्रकरणें चाललीं आहेत.

तीं कळण्यास रोमन नाट्यगृह कसें असे हें थोडें पाहिलें पाहिजे. ग्रीकांचें नाट्यगृह टेकडीच्या उतारावर बसविलेलें असे. अर्ध्या वर्तुळाहून कांहीं अधिक भरणाऱ्या पायऱ्या, मध्यें वाटोळी नृत्यभूमि, तिच्यापलीकडे नेपथ्याची बुटकी इमारत, आणि त्या इमारतीच्या डोक्यावरून दिसणारीं झाडें, डोंगर, क्वचित् समुद्रही. रोमन लोकांनीं ही उघडी बाजू बंद केली. पायऱ्यांचा माथा जेवढा उंच, जवळजवळ तेवढीच उंच भिंत त्यांनीं रंगभूमीच्या पाठीशीं उभी केली; तिच्यांत खांबांच्या रांगा, कोनाडे, पुतळे बसविले; आणि रंगभूमीवर लाकडी छप्पर घातलें. ह्यांत शोभेइतकाच आवाजाचा विचार होता. नटाच्या तोंडून निघालेला शब्द मागें व वर निसटून न जातां भिंतीवर आणि छपरावर आपटून पुढें फेकला जाई.

आपल्या भरतमुनींपुढेंही हाच प्रश्न होता, पण त्यांनीं तो निराळ्या रीतीनें सोडविला. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायांत नाट्यमंडपाचे विकृष्ट, चतुरस्र व त्र्यस्र असे तीन आकार दिले आहेत, आणि मनुष्यांसाठीं ६४ हात लांब व ३२ हात रुंद, म्हणजे सुमारें ९६ फूट लांब व ४८ फूट रुंद, असा मंडप योग्य ठरविला आहे. ह्याहून मोठा केला तर शब्द अस्पष्ट होतो आणि नटाच्या मुखावरील भाव दिसेनासे होतात, असें कारणही मुनींनीं सांगून ठेवलें आहे. मंडप शैलगुहाकार असावा हें त्यांचें म्हणणेंही आवाज कोंडून घुमण्यासाठींच होय. रोमन नगरांस हजारों माणसें एके ठिकाणीं बसवावयाचीं होतीं. त्यांस ही मर्यादा परवडण्यासारखी नव्हती, म्हणून त्यांनीं ती अजस्र भिंत उभारली.

अशा नाट्यगृहाचें छप्पर जातें, मग भिंत कोसळते, आणि पायऱ्या तेवढ्या टेकडीच्या आधारानें अर्ध्यामुर्ध्या टिकून राहतात. पुन्हां प्रयोग करूं पाहणाऱ्यापुढें म्हणून पहिला प्रश्न भिंतीचाच येतो.

फ्रान्सच्या दक्षिणेस ओरांज नांवाचें गांव आहे. तेथील नाट्यगृहाची भिंत, सुदैवानें म्हणा किंवा रोमन गवंड्याच्या पुण्याईनें म्हणा, जवळजवळ जशीच्या तशी उभी राहिली आहे. ती १०३ मीटर लांब व ३७ मीटर उंच आहे. आपल्या राज्यांतील ही सर्वांत सुंदर भिंत आहे, असे उद्गार चौदाव्या लुईनें काढल्याचें सांगतात. परंतु ह्या राजमान्य भिंतीच्या आंत काय होतें? घरें! धर्मयुद्धांच्या धामधुमींत आसऱ्यास आलेल्या लोकांनीं पायऱ्यांवर आणि रंगभूमीवर घरें बांधलीं, चुली पेटविल्या, आणि कित्येक पिढ्या तेथें नांदल्या. एकोणिसाव्या शतकांत तीं घरें विकत घेऊन पाडण्यांत आलीं, पायऱ्या दुरुस्त झाल्या, आणि १८६९ सालीं तेथें संगीताचा व नाट्याचा उत्सव सुरू झाला. तो पुढें ‘कोरेजी’ ह्या नांवानें प्रसिद्धीस आला. २००६ सालीं रंगभूमीवर पोलादाचें व कांचेचें छप्पर चढविलें गेलें. तें आधुनिक आहे हें पाहणाऱ्यास क्षणांत कळतें, आणि उद्यां नकोसें वाटलें तर भिंतीस फारसा धक्का न लावतां उतरवितां येईल अशा बेतानें तें केलेलें दिसतें.

ओरांजच्या यशाविषयीं लिहितांना त्या घरांतील माणसांचा उल्लेख सहसा कोणी करीत नाहीं. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनीं रोमन पायरीचा ओटा केला, त्यांनीं तें सोडून कोठें जावें? आपल्याकडे २०११ सालीं हंपीच्या विरूपाक्ष मंदिरासमोरील बाजारांतील मंडपांत राहणाऱ्या कुटुंबांचीं घरें व दुकानें पाडलीं गेलीं, तेव्हां हाच प्रश्न पुढें आला. वास्तूचा संसार वाचविण्यासाठीं माणसांचा संसार उठवावा लागतो, हें अशा प्रत्येक कार्याच्या जमाखर्चांत मांडलें गेलें पाहिजे.

इटलींतील व्हेरोना येथील रंगण नाट्यगृह नव्हे. तें चहूंबाजूंनीं पायऱ्यांनीं वेढलेलें लंबवर्तुळ आहे, आणि ते मूळचें माणसांच्या व पशूंच्या झुंजींसाठीं बांधलेलें. १११७ च्या भूकंपांत त्याची बाहेरची भिंत ढासळली; आज तिच्या चारच कमानी उभ्या आहेत. पण आंतील पायऱ्या नगरवासीयांनीं शतकानुशतकें डागडुजी करून राखल्या. व्हेर्दी ह्या संगीतकाराच्या जन्मास शंभर वर्षें झालीं त्या निमित्तानें १० ऑगस्ट १९१३ रोजीं तेथें त्याच्या ‘आयदा’ ह्या संगीत नाटकाचा प्रयोग झाला. झेनातेल्लो नांवाच्या गायकाचा त्यांत पुढाकार होता. तेव्हांपासून महायुद्धांचा काळ वगळतां तेथें उन्हाळ्यांत गाणें होत आलें आहे. अंधार पडूं लागला म्हणजे प्रेक्षक हातांत लहान लहान मेणबत्त्या पेटवून धरतात, ही तेथील जुनी प्रथा. जेथें रक्त पाहण्यासाठीं गर्दी लोटत असे तेथें आज दिवे लावून गाणें ऐकतात, ह्याहून अधिक पावन असा जीर्णोद्धार मला तरी सुचत नाहीं. पुराणवस्तूंच्या अभ्यासकांस हें म्हणणें भाबडें वाटेल, वाटो.

अथेन्सची गोष्ट निराळी. तेथें अक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर हेरोडीस अॅटिकस नांवाच्या एका अतिश्रीमंत विद्वानानें इ. स. १६० नंतर आपल्या मृत पत्नीच्या, रेगिल्लाच्या, स्मरणार्थ नाट्यगृह बांधलें व त्यावर देवदाराचें छप्पर घातलें. (तिच्या मृत्यूस तोच कारण झाला असा आरोप तिच्या भावानें रोम येथें केला होता आणि त्यांतून हा गृहस्थ निर्दोष सुटला, हेंही इतिहास सांगतो. ताजमहालाशीं तुलना करण्याची घाई वाचकांनीं करूं नये.) इ. स. २६७ मध्यें हेरुली टोळ्यांच्या स्वारींत तें जळलें. कमानींची भव्य भिंत बरीचशी राहिली. पायऱ्या मात्र गेल्या. १९५० नंतरच्या पांचसहा वर्षांत त्या साऱ्या पायऱ्या नव्यानें संगमरवरांत घडविण्यांत आल्या. हा दगड पेंटेली पर्वताचाच, म्हणजे ज्या डोंगरांतून पार्थेनॉनचा दगड निघाला त्याच डोंगरांतला. १९५५ पासून तेथें उन्हाळी महोत्सव भरूं लागला. १९५७ सालीं मारिया कॅलास ही जगद्विख्यात गायिका तेथें गायिली. सुमारें पांच हजार माणसें त्या पायऱ्यांवर बसतात. त्यांतील बायांनीं उंच व टोंकदार टांचांचीं पादत्राणें घालून येऊं नये असा नियम तेथें करावा लागला, कारण साऱ्या देहाचा भार त्या इवल्याशा टोंकावर येऊन संगमरवर खरवडला जातो. नवा दगड असूनही ही काळजी! आपल्या देवळांत चपला बाहेर ठेवण्याच्या चालीनें किती फरशा वांचल्या असतील हें एकदां कोणी मोजावयास हवें.

अथेन्सच्या ह्या नव्या पायऱ्यांबद्दल फारसा गवगवा झाला नाहीं. तसेंच काम स्पेनमध्यें झालें, तेव्हां मात्र तें थेट वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेलें. ही सागुंतोची कथा आतां जरा विस्तारानें सांगतों.

सागुंतो हें व्हॅलेन्सियाच्या उत्तरेस टेकडीच्या पायथ्याशीं वसलेलें जुनें नगर. इतिहासाच्या पुस्तकांत तें हॅनिबलच्या वेढ्यासाठीं प्रसिद्ध आहे. इ. स. पूर्व २१९ मध्यें त्यानें आठ महिने वेढा देऊन तें घेतलें, आणि त्यावरून रोम व कार्थेज ह्यांचें दुसरें महायुद्ध पेटलें. नाट्यगृह त्यानंतर सुमारें अडीचशें वर्षांनीं, इसवी सनाच्या पहिल्या शतकांत, किल्ल्याच्या उतारावर बांधलें गेलें. मध्यंतरीं त्या गांवाचें सागुंतो हें नांवही लोपलें होतें. लोक त्यास मुर्व्हिएद्रो म्हणत. त्याचा अर्थ ‘जुन्या भिंती’. एखाद्या गांवाची सारी ओळख त्याच्या पडक्या भिंतींत उरावी, ह्याचें ह्याहून बोलकें उदाहरण मिळणार नाहीं. प्राचीन नांव त्यास पुन्हां मिळालें तें एकोणिसाव्या शतकांत. १८९६ सालीं नाट्यगृहास राष्ट्रीय स्मारकाचा मान देण्यांत आला.

रंगभूमीमागील उंच भिंत तेथें फारशी उरली नव्हती. पायऱ्यांवर बसलें म्हणजे समोर खालचें गांव व सपाट मुलूख उघडा दिसे. गांवकऱ्यांच्या कित्येक पिढ्यांस हेंच दृश्य म्हणजे ‘आपलें नाट्यगृह’ असें वाटत आलें होतें. १९८० नंतर व्हॅलेन्सियाच्या प्रांतिक सरकारनें तें प्रयोगास योग्य करण्याचें ठरविलें आणि तें काम मिलानचे वास्तुशास्त्रज्ञ जॉर्जो ग्रासी व व्हॅलेन्सियाचे मान्वेल पोर्तासेली ह्यांच्याकडे सोंपविलें.

ग्रासींचें म्हणणें मोठें धारदार होतें. तुम्ही ज्यास प्राचीन अवशेष म्हणतां, त्यांतील पुष्कळ भाग विसाव्या शतकांतील दुरुस्त्यांचा आहे. हें पडकेंपण पुष्कळसें मागाहून रचलेलें आहे, असें त्यांनीं दाखवून दिलें. मग रोमन नाट्यगृहाचा आत्मा कशांत? भिंत आणि पायऱ्या मिळून जी एक बंदिस्त खोली होते, तींत. ती खोलीच नसेल तर नाट्यगृह तेथें नाहींच. म्हणून त्यांनीं रंगभूमीमागें विटांची उंच भिंत पुन्हां उभी केली, पायऱ्यांवर फिक्या रंगाच्या नव्या दगडाचें आवरण घातलें, आणि भिंतीच्या अंगावर सांपडलेले प्राचीन खांबांचे व नक्षीचे तुकडे बसविले. १९९० ते १९९३ ह्या काळांत हें काम झालें. जुन्याची नक्कल त्यांत नाहीं. नवी वीट नवीच दिसते.

एका वकिलानें १९९० सालींच दावा लावला. १९८५ च्या स्पॅनिश वारसा कायद्यांत असें आहे कीं स्मारकाची पुनर्रचना टाळावी. मूळचेच अस्सल भाग जागेवर बसवितां येत असतील तेवढीच सूट. ग्रासींच्या विटा मूळच्या नव्हत्या हें तर कोणीही सांगेल. १९९३ सालीं व्हॅलेन्सियाच्या उच्च न्यायालयानें काम बेकायदेशीर ठरविलें, आणि २००० सालीं माद्रिदच्या सर्वोच्च न्यायालयानें तोच निर्णय कायम केला. पण निकाल लागेपर्यंत भिंत चढून गेली होती. बैल गेला आणि झोपा केला, असा हा प्रकार. पुढें २००३ सालीं हुकूम झाला कीं अठरा महिन्यांच्या आंत नवें काम काढून टाकावें. त्यावर पुन्हां अपील झालें; २००७ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानें पुन्हां तेंच सांगितलें. शेवटीं २००९ सालीं व्हॅलेन्सियाच्या न्यायालयानें हा निकाल अमलांत आणणें अशक्य असल्याचें ठरविलें, आणि भिंत राहिली. दरम्यान त्याच ‘बेकायदेशीर’ रंगभूमीवर दर उन्हाळ्यांत नाटकें होत राहिलीं, आणि उन्हाळी महोत्सवामुळें गांवाचें नांव नाट्यरसिकांच्या तोंडीं राहिलें.

न्यायाधीशांनीं कायद्याचा अर्थ लावण्यांत चूक केली असें मला वाटत नाहीं. कायदा स्पष्ट होता, आणि ज्या सरकारनें तो पाळावयाचा त्यानेंच तो मोडला होता. दहा-बारा वर्षांनीं भिंत पाडण्याचा हुकूम मात्र मला पटत नाहीं. ती पाडून १९८९ चें नाट्यगृह थोडेंच परत आलें असतें? नवा दगड उखडतांना त्याखालील जुना दगडही सुटला असता, आणि हातीं राहिलें असतें तें तिसरेंच कांहीं, जें कधींच कोणी पाहिलें नव्हतें.

ग्रासींच्या कामाविषयीं मात्र दोन निरनिराळीं मतें द्यावीं लागतील. भिंतीचें मी समर्थन करीन. शब्द ऐकूं येण्यासाठीं तिची गरज होती. ती नवी आहे हें ती लपवीत नाहीं. आणि जेथें ती उभी आहे तेथें जुनें फारसें कांहीं नव्हतेंच. गांवाचें दृश्य तिनें झांकलें हें खरें आहे, व त्याचें वाईट ज्यांस वाटलें त्यांची मी थट्टा करणार नाहीं. परंतु रोमन प्रेक्षकासही तें दिसत नव्हतें. पायऱ्यांची गोष्ट वेगळी. तेथें झिजलेल्या, फुटलेल्या कां होईना, दोन हजार वर्षांच्या पायऱ्या होत्या, आणि त्यांच्यावर एकसारख्या दगडाचें आवरण पडलें. वरून बसणारास सोय झाली, खालचें मात्र दिसेनासें झालें. तेथें लांकडी बांक मांडून प्रयोगानंतर उचलतां आले असते. म्हातारीच्या सुरकुत्यांवर मुलामा चढविण्यासारखें हें झालें.

आपल्या देशांत ह्या बाबतींत १९५८ चा कायदा व त्याखालील १९५९ चे नियम लागू आहेत. संरक्षित स्मारकांत सभा, मेजवानी किंवा करमणुकीचा कार्यक्रम करावयाचा तर केंद्र सरकारची लेखी परवानगी लागते. जेथें धार्मिक चालरीत मान्य आहे तेथें तिला बाध येत नाहीं. खजुराहो येथें १९७५ सालीं नृत्यमहोत्सव सुरू झाला तो पश्चिम समूहांतील मंदिरांसमोर. पुढें तो त्या आवाराबाहेर न्यावा लागला, आणि २०२१ सालीं पुन्हां आंत भरला. वेरूळचा महोत्सव असाच कैलास लेण्यासमोरून निघून शहरांतील सोनेरी महालाच्या आवारांत गेला. डोंगर कोरून केलेल्या लेण्यास दिव्यांचा प्रखर उजेड व ध्वनिवर्धकांचा कंप सोसवेल कीं नाहीं, ही शंका वाजवीच आहे. कैलासाची पार्श्वभूमि गेली म्हणून हळहळणारे रसिक त्यावेळींही होते, आणि त्यांचेंही कांहीं चुकलें होतें असें नाहीं.

खजुराहोस नर्तकांच्या पायांखालीं दगड नसतो, तात्पुरती फळ्यांची रंगभूमि असते. मंदिरावर ना वीट चढते ना खिळा ठोकला जातो. शेजारीं मतंगेश्वराच्या गाभाऱ्यांत पूजा चालूच असते. ज्या देवळांतून देव गेला आहे त्यांच्यासमोर घुंगरूं वाजतात. उत्सव आटोपला म्हणजे फळ्या, खांब, दिव्यांच्या तारा उतरवून गाड्यांत भरतात, आणि दुसऱ्या दिवसापासून तिकीट काढून येणाऱ्या प्रवाशांसाठीं तें आवार पुन्हां मोकळें होतें.